पंप, पाइप आणि सोळा तारीख

रविवार, २ फेब्रुवारी
आज सकाळी अंघोळ, पूजा उरकली आणि गाडीचं बॉनेट उघडून जुना पंप काढला. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. तेही होईना. दोन नट, दोन पाइप. गॅरेजवाला एवढ्यासाठी आठवडा मागत होता. हे घरीच करायचं ठरवलं.
सोळा तारखेला मुलीला तिच्या नव्या नोकरीच्या गावी सोडायचं आहे. मी शब्द दिलाय: आपली गाडी, आपण दोघंच. तीन तासांचा रस्ता. एरवी ती घरी असते तेव्हा मी कारखान्यात, आणि मी घरी असतो तेव्हा ती मोबाइलमध्ये. बोलायचं बरंच साठलंय. सौ. म्हणाली, टॅक्सी सांगून टाका. मी नुसता हसलो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
इलेक्ट्रिक पंप आणला. दुकानदाराने दोन दाखवले. छोटा कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी, मोठा इंजेक्शनच्या नव्या गाड्यांसाठी. मोठा घेतला. तो म्हणाला, काका, तुमच्या गाडीला प्रेशर जास्त होईल. मी म्हटलं, वाढताना हात आखडता घेऊ नये. तो गप्प झाला. पटलं असावं.
कारखान्याच्या स्टोअरमधून माझ्या हातून इतके पार्ट गेलेत, की कुठला कुठे बसतो ते बघताक्षणी कळतं. बसवायची वेळ कधी आली नाही, ते वेगळं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
पंपाबरोबरच्या कागदावर लिहिलंय, पंप टाकीजवळ लावा. तो ढकलतो चांगलं, ओढताना दमतो. टाकी गाडीच्या मागच्या टोकाला. म्हणजे गाडीखाली आडवं व्हायचं. कंबर नको म्हणाली. पुढेच लावला, बॉनेटखाली. मनात असेल तर माणूस ओढतोही.
दुकानात पेट्रोलचा काळा रबरी पाइप होता, पण त्यात आत काय चाललंय ते दिसत नाही. त्याऐवजी घरातला कूलरचा पारदर्शक पाइप घातला. पेट्रोल येताना दर्शन घडेल. देव दिसत नाही तरी मी मानतो. पण देव वेगळा, पेट्रोल वेगळं.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळ
स्टार्टर मारला. जुना पंप काढल्यावर इंजिनला भोक राहतं आणि ते बुजवायचं असतं, हे कुणी बोललं नव्हतं. ऑइलची चूळ थेट शर्टावर.

त्याच दिवशी, दुपार
बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून भोकावर बसवलं. झकास. पंपाचं बटण दाबलं. पेट्रोल आलं. दर्शन घडलं. मग ते कार्बोरेटर भरून बाहेर, इंजिनवरून खाली, अंगणात. सौ.ने गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, आज जेवण गार मिळेल, अंघोळीचं पाणीही.
तात्पर्य: पंप उत्तम आहे. कार्बोरेटर कमी पडतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
प्रेशर कमी करायला रेग्युलेटर आणून लावला. दुकानदाराने न बोलता छोटा पंप पुन्हा काउंटरवर ठेवला होता. मीही न बोलता बाजूला सारला. एकदा पदरात घेतलं की घेतलं.
सौ. आता टॅक्सीचं नाव काढत नाही. हळूहळू विश्वास बसतोय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
गाडी सुरू झाली. मुलीला शेजारी बसवून कोपऱ्यापर्यंत गेलो. म्हटलं, तीन तासांची थोडी तालीम करू. घसा साफ करून म्हणालो, हे बघ, नव्या ठिकाणी माणसाने... आणि गाडी बंद. इंजिनच्या उष्णतेने पाइप मऊ पडून चिमटला होता. गॅरेजवाला स्कूटरवरून चालला होता, तो थांबला, वाकून बघितलं. म्हणाला, काका, हा पाइप गारव्याला राहिलेला आहे, त्याला सासरी एवढं तापवू नका. मुलगी हसली. दोघांनी गाडी घरापर्यंत ढकलली. मी स्टिअरिंगवर होतो. ते कुणावर सोडता येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळ
रबरी पाइप आणून घातला. आता पंपच बोलेना. ओढून ओढून मेला असावा. त्याला सद्गती लाभो.
मुलगी चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली. तिकडची खोली तिने अजून बघितलेली नाही. ऑफिसात ओळखीचं कुणी नाही. पहिल्या दिवशी आपण कुणाशेजारी जेवायला बसायचं, असं विचारत होती. मग म्हणाली, "बाबा, गाडी नसली तरी चालेल हो. तुम्ही या."
मी म्हटलं, सकाळपर्यंत होईल. ती आणखीही काही सांगत होती, पण पाइपची क्लिप इंजिनमागे कुठेतरी पडली होती आणि माझा हात तिथवर जात नव्हता. वर पाहिलं तेव्हा पायरीवर फक्त कप होता.

रविवार, १६ फेब्रुवारी
सकाळी क्लिप सापडली. ती घेऊन बराच वेळ उभा राहिलो. पायरीकडे बघवेना. आत जाऊन देवाला हात जोडले. पंपाबद्दल काही मागितलं नाही.
मग टॅक्सीवाल्याला फोन लावला. आवाज जरा भारदस्त ठेवला. म्हटलं, एक गाडी हवी आहे, आत्ताच.
तो म्हणाला, "काका, मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. काकूंनी सोमवारीच सांगून ठेवलंय. बाप-लेक दोघं आहेत म्हणाल्या."
तरी मी माझ्या बाजूने टॅक्सी पुन्हा सांगितली. असे निर्णय घरच्या कर्त्या माणसाने घ्यायचे असतात.
सौ.ने माझा धुतलेला शर्ट खुर्चीवर काढून ठेवला होता. टॅक्सीत पुढची सीट मोकळी होती. ड्रायव्हरला त्याच्या गाडीचा पंप कुठे बसवलाय ते विचारता आलं असतं. मी मागे, मुलीशेजारी बसलो आणि काल ती काय सांगत होती ते विचारलं.
ती तीन तास बोलत होती. माझं साठलेलं तसंच राहिलं.