राउटरवरचा रुमाल

नेकेसा आत्या,

राउटरवरचा तुझा विणलेला रुमाल काढून मी कोंबड्याला घातलाय. त्याला शोभतो. राउटरवर मात्र पुन्हा घालू नकोस. सोफा, रेडिओ, टीव्ही तुझे रुमाल निमूट सोसतात; राउटर तापतो आणि बंद पडतो.

परत सुरू झाला की तो घरातल्या यंत्रांना नवे नंबर वाटतो. काल माझ्या कॉम्प्युटरचा नंबर टीव्हीला गेला. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरवरच्या आमच्या गेममध्ये यायला तुझा लेक वांजाला दोहाहून तासभर टीव्हीचंच दार ठोकत बसला, आणि टीव्हीने काही उघडलं नाही. टीव्ही तुझ्यावर गेलाय.

आता कॉम्प्युटरचा नंबर मी पक्का बांधलाय आणि पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, त्याच्याकडेच वळवलंय. पण बाहेरच्याला दार उघडतं का, हे घरात बसून कळत नाही. म्हणून सिमियूच्या घरून तपासायला चाललोय. उघडेपर्यंत तिथून हलणार नाही. माझ्या जेवणाची उगाली झाकून ठेव. तिच्यावर रुमाल चालेल.

वांजालाला आठवड्याची सुट्टी आजच असते. संध्याकाळी स्पीकरमधून "बरासा, मेलास का रे?" असं ऐकू आलं, की समज दार उघडलं. तो न सांगता गेला, तू त्याचा फोन घेत नाहीस, त्यात मी पडत नाही. माईक चालू ठेवलाय. बोलायचं नसेल तर नुसती खोक. तो ओळखेल.

बरासा