नूतनच्या अकरा फायली

बालाघाट,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. वीरेंद्र,

आशीर्वाद. इकडे थंडी पडली आहे. तुझी आई म्हणते, स्वेटर पाठवू नको, स्वतः येत जा.

दिवाळीत तू माझ्या कवितांच्या साइटची साफसफाई करून गेलास, तेव्हापासून ती बंद होती. रोज सकाळी शाळेतली एक कविता उघडायची. त्या जागी लाल अक्षरं, की 'रिक्वायर' (एका फाइलीनं दुसरीला बोलवायची जुनी रीत) काय ते ठाऊक नाही. फोनवर तू म्हणालास, "बाबा, ते जुनं झालं. फेका. मी सगळं नव्या रीतीनं, इम्पोर्टनं लिहून देतो."

नाही फेकणार.

तू साइटच्या नियमांच्या फाइलीत, पॅकेज डॉट जेसनमध्ये, एक ओळ घातलीस, की इथल्या साऱ्या जावास्क्रिप्ट फायली नव्या रीतीच्या. कुणाला विचारलंस? मी चौथीच्या पोरांना बाकावर ताल धरून कविता शिकवलेला मास्तर. तीन दिवस चष्मा लावून वाचत बसलो. कळलं ते असं, की वर काहीही लिहिलेलं असो, फाइलीच्या नावाशेवटी .सीजेएस असलं की ती जुन्याच रीतीनं वाचली जाते. साइटच्या अकराही जुन्या फायलींची नावं बदलली. तरी चालेना! त्या एकमेकींना अर्ध्याच नावानं बोलावत होत्या, शेवटाशिवाय आता सापडत नाहीत. बसून एकेक ओळ दुरुस्त केली. परवा सकाळी कविता उघडली. तुझी नवी फाइलही ठेवली आहे; ती इम्पोर्ट म्हणते, जुनी निमूट कविता देते.

एवढा हट्ट कशाला, असं तुला वाटेल. त्या फायली तुझ्या बहिणीने लिहिल्या आहेत. प्रत्येकीत नूतनने माझ्यासाठी मराठीत एक टीप ठेवली आहे. शेवटच्या फाइलीत आहे, 'बाबा उठायच्या आधी कविता तयार पाहिजे.' खाली तारीख.

ती तारीख मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी राजेगावचे पाहुणे बसले होते. नूतनने लग्नासाठी निवडलेल्या पवनचं नाव निघालं, तसा मी म्हणालो, "मले एकच लेकरू हाये, वीरेंद्र." ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी ही फाइल पुरी करून ती घरातून गेली. सहा वर्षं झाली.

काल मीच नूतनला फोन लावला. "काहून बाबा, साइट बिघडली का?"

"हौ, पण ते झालं दुरुस्त. मी बिघडवलं ते राह्यलं."

मग मी दोघांना जेवायला बोलावलं.

रविवारी ती आणि पवन जेवायला येताहेत. तुझ्या मोतीलालकाकाचा निरोप आला, "त्याले घरात घेशील तं आम्ही पायरी चढनार नाही." मी कळवलं, नका चढू. तुझं पान मात्र मांडून ठेवतो.

दोन लेकरांचा,
बाबा