देवाला वाहिलेला चिनी घोडा

प्रिय हेमांगी,

थळला, तुझ्या माहेरच्या पत्त्यावर, हे पहिलंच पत्र. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. चौतीस वर्षं पोरांकडून कविता चालीवर म्हणून घेतल्या, पण घरातल्या माणसाशी बोलायची वेळ आली की तुझ्या या सासऱ्याची जीभ टाळूला चिकटते. कागदावर थोडं तरी जमतं.

आपल्या मिठागराच्या शेवटच्या तुकड्यावरही भराव पडला. तिथे आता कंटेनरवाले ट्रक उभे असतात. बांधावरचा देव मात्र जागेवर आहे, आणि त्याच्यापुढे तो घोडाही. हिरवा-पिवळा रंग अंगावरून मधासारखा ओघळलेला, मान वाकवून आपलाच खूर न्याहाळणारा. एक कान कुणाच्या तरी चेंडूनं उडालाय. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. आपला विनेश चौथीत माझ्याच वर्गात होता. कविता पाठ नसायची, पण बाकावर ठेका असा धरायचा की सगळा वर्ग डोलायला लागायचा. अजून तो ठेका ऐकू येतो बघ.

तुझ्या सासूनं, सोनूबाईनं, नवस केला होता, की पोरगा बोटीवर लागला तर देवाला मातीचा घोडा वाहीन. विनेश लागला, पण घोडे घडवणारा आपला कुंभार तोवर चाक मोडून बंदरात कामाला गेलेला. मग विनेशनं शांघायच्या दुकानातून तुला व्हिडिओ कॉल लावला. काचेवर तीन घोडे मांडलेले. हा दाखव, तो दाखव करत तू मान वाकवलेला निवडलास. घरी आल्यावर त्यानं पुठ्ठ्याचं खोकं माझ्याच हातात दिलं. देवापुढे तो घोडा ठेवला तेव्हा सगळी आळी बघायला लोटली होती. सोनूबाई प्रत्येकीला सांगत होती, “माज्या सुनेनं निवरलाय गो, लय देखना घोरा!”

आठ महिन्यांनी वादळात विनेश डेकवरून समुद्रात गेला. देहही हाती आला नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आणि बाराव्याला आपल्या आळीतल्या अल्पेशनं मोबाइलमध्ये बघून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, की बारा-तेराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये असले घोडे मेलेल्या माणसाबरोबर थडग्यात पुरायचे, आणि हा त्याचीच नक्कल. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण सोनूबाई उठली आणि तुला म्हणाली, “तूच निवरलंस गो माज्या पोराचं मरान.” मी समोरच बसलो होतो. तू पिशवी भरून निघालीस तेव्हाही मी बसूनच होतो. याला आता दीड वर्ष होईल.

हेमांगी, मला ते आधीपासून ठाऊक होतं. खोक्यात इंग्रजी चिठ्ठी होती. मेलेल्याला पुढच्या वाटेवर सोबत म्हणून घोडा, असं तिच्यात लिहिलं होतं. मला ते एखाद्या कवितेसारखं वाटलं. सोनूबाईच्या आनंदात कशाला मोडता घाला, म्हणून चिठ्ठी खिशात घातली आणि तो घोडा देवापुढे ठेवू दिला. घोड्यानं माणूस मरत नाही, हे मला त्या बाराव्याच्या दिवशीही कळत होतं. पण ते म्हणायचं तर चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं, म्हणून दोष तुझ्यावर येऊ दिला. काल सोनूबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आनि मना पोरीला नको ते बोलू दिलंत?” तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. फक्त एवढंच कळवा म्हणाली, की येत्या रविवारी ती तुझ्याकडे येणार आहे, एकटी. मला नेणार नाही. राग माझ्यावर धर, पोरी, तो माझ्याच वाट्याचा आहे. तिला मात्र दारातून आत घे.

तुझाच,
बाबा