इंचाला तीस तारा

मी, क्लेमंट आर्थर ट्रेगेन्झा, वय ७८, धंदा दारा-खिडक्यांना माश्या अडवणाऱ्या जाळ्या बसवण्याचा (आता बंद), राहणार मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांना कायद्यात विचारत नाहीत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जिची चालली असती ती आता नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर व त्यातील सामान माझी मुलगी मेरिल हिला. तिने ते विकले तरी चालेल. मागच्या कुंपणावरून मात्र तिने पलीकडच्या वॉल पास्कोशी वाद घालू नये. कुंपण त्याच्याच जागेत आहे. मोजणी मी १९९१ साली गुपचूप करून घेतली होती आणि तरीही भांडत राहिलो.

कलम २. बँकेतील सर्व शिल्लक मेरिललाच. माझी धाकटी बहीण बेरिल हिला आईचा चहाचा संच. आईने तो मला दिला म्हणून ती चाळीस वर्षे जळत आली. घे बाई, आता तरी शांत हो. जळणे काय असते ते मला चांगले ठाऊक आहे.

कलम ३. हत्यारे गावातल्या निवृत्तांच्या कारखान्यास द्यावीत. सोबत जोडलेल्या यादीत दाभण सापडणार नाही. ते मी समुद्रात फेकले. का, ते पुढच्या कलमात येते.

कलम ४. बिअर करण्याचे चाळीस लिटरचे पातेले आणि स्टीलच्या जाळीची टोपली, ही दोन्ही वॉलेस जॉन पास्को यास. हे त्याला का मिळावे ते लिहिल्याशिवाय कलम पुरे होत नाही.

मी आणि वॉल एकाच वर्षी निवृत्त झालो. तो शाळेची बस चालवत असे. आमच्या भागात नजर जाईल तिथवर सातू पिकतो, तेव्हा रिकाम्या माणसाने घरी बिअर करावी यात नवल नाही. मोड आणून वाळवलेला सातू भरडायचा, टोपलीत घालून गरम पाण्यात तासभर मुरवायचा, टोपली उचलायची, गोड पाणी खाली निथळू द्यायचे. सारी मेख टोपलीच्या जाळीत. आणि जाळी म्हटले की अख्ख्या मूंटात माणूस कोण? मी.

पहिली टोपली मी इंचाला शंभर तारांच्या जाळीची केली. इतकी बारीक की नजर अडकावी. टोपली उचलली, तर पाणी उतरेना. दीड तास मी ती आढ्याला टांगून खाली उभा होतो. वॉल कुंपणावर कोपरे टेकून बघत होता.

"काय रे क्लेम, गाय आटली का?"

दुसरी टोपली खिडकीच्या साध्या जाळीची केली. तिच्यातून सगळे पीठ खाली गेले, पातेल्याच्या तळाला लागले आणि बिअरला करपलेल्या पावाची चव आली. नोएलीनने, म्हणजे माझ्या बायकोने, एक घोट घेऊन ग्लास ओट्यावर ठेवला.

मग वॉलने टोपली केली. वाकडी, रिव्हेट एकाआड एक सुटलेले, कडा हात कापणारी. पण पाणी असे निथळले की बघत राहावे. त्याची बिअर उन्हात धरली तर पलीकडचे कुंपण दिसायचे. नोएलीनने तिचा दुसरा ग्लास मागून घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे कशाचाही दुसरा ग्लास मागितला नव्हता.

मी विचारले, "जाळी कुठून आणलीस?"

वॉल बुटांकडे बघत म्हणाला, "मिळाली अशीच."

खोटे बोलताना तो बुटांकडे बघतो. त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. नोएलीन मंगळवारी पेस्टी, म्हणजे खिम्याच्या मोठ्या भाजलेल्या करंज्या, घेऊन पलीकडे जायची. शुक्रवारीही जायला लागली. वॉल विधुर होता, डोक्यावर सगळे केस होते, आणि तिला हसवू शकत होता. तिचे हसणे मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे. मी खिडकी लावून घ्यायचो आणि पुन्हा उघडायचो.

पुढे आमच्या भागातले वार्षिक शेती प्रदर्शन आले. घरच्या बिअरची स्पर्धा होती. वॉल रविवारी चर्चमध्ये असताना भर सकाळी मी त्याच्या शेडमध्ये शिरलो आणि दाभणाने त्याच्या टोपलीचा तळ शिवणीच्या कडेकडेने टोचला. दिसू नये इतके, पण पीठ झरावे इतके.

त्याचा घाणा करपला. परीक्षकाने चिठ्ठीवर लिहिले, 'जळका वास'. माझी बिअर तिसरी आली. वॉलने ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, माझ्याशी हात मिळवला, आणि टोपली कचऱ्यात टाकून दिली. त्यानंतर त्याने बिअर केली नाही.

टोपली नोएलीनने उचलून आणली. आमच्या टेबलावर उपडी ठेवली आणि एकेका भोकावर बोट ठेवत गेली.

"ही जाळी मी निवडली होती," ती म्हणाली. "इंचाला तीस तारा."

"तू? तुला जाळीतलं काय कळतं?"

"बावीस हंगाम वॉलारू बंदराच्या धान्यकोठारात सातूचे नमुने चाळले मी, क्लेम. बावीस. हातात डबा घेऊन रोज तुझ्यासमोरून जात होते. मी तिथे काय करते असं वाटायचं तुला?"

मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंस?"

"जाळी एकटी निवडायची नसते. आधी भरडा मुठीत घ्यायचा. सालं अख्खी राहिली असतील तर तीच गाळणी होतात, जाळीनं फक्त त्यांना धरून ठेवायचं. तू सालांचासुद्धा भुगा करायचास. हे मी दोनदा सांगायला आले. दोन्ही वेळा म्हणालास, 'जाळीचं माझ्यावर सोड.' वॉलनं विचारलं. खुर्ची पुढे करून विचारलं. आणि तुला कळू देऊ नकोस, हे मीच त्याला सांगितलं होतं, तुला लागेल म्हणून."

मग ती म्हणाली, "त्याला सांग, भोकं तू पाडलीस. मी नाही सांगणार. ते तुझं काम."

मी सांगितले नाही. ती पुढे सहा वर्षे जगली. दर नाताळला, जेवण आटोपून भांडी पुसताना एवढेच विचारायची, "सांगितलंस?" मी दुसरे फडके शोधायचो. माझी बिअर तिने पुन्हा तोंडाला लावली नाही. शेवटच्या नाताळला तिने विचारलेही नाही.

ती गेल्यावर मी त्या टोपलीला नवा तळ बसवला. इंचाला तीस. भरडा मुठीत घेऊन पाहिला. ती म्हणाली होती तसेच झाले.

मला अजूनही वॉलचा हेवा वाटतो, हे शुद्धीवर असताना लिहितो. बिअरचा नाही. ती सातूबद्दल तासन् तास बोलू शकत होती आणि ते बोलणे त्याने ऐकले. तेवढे मात्र त्याला कोणी मृत्युपत्रात दिलेले नाही आणि माझ्याकडे द्यायलाही नाही.

कलम ५. मला नोएलीनशेजारी पुरावे. दगडावर तिच्या नावाखाली 'धान्य परीक्षक' असे कोरून घ्यावे. माझ्या नावाखाली काही नको.

टंकलेखनानंतरची दुरुस्ती. वरील मजकूर परवा रविवारी मी स्वतः वॉल पास्कोला त्याच्या व्हरांड्यात वाचून दाखवला. मेल्यावर वकिलाकडून कळवणे हा पळपुटेपणा होता. त्याने शेवटपर्यंत ऐकले.

मग म्हणाला, "नऊ वर्षं मला वाटतंय, माझं नाकच गेलं, नाहीतर जळकी बिअर स्पर्धेला देईन कसा. डॉक्टरला दाखवून आलो मी, अ‍ॅडलेडला जाऊन. तेव्हापासून दूध नासलंय का तेसुद्धा पोरीला विचारतो."

मी माफी मागितली. टोपली नकोय का, असे विचारले तर म्हणाला, "टोपली घेईन. ती नोएलीनची आहे." मग कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि कलम चारमध्ये त्याच्या नावाआधी लिहिलेल्या शब्दांवर बोट ठेवले.

"हे काढ."

त्याच्या म्हणण्याप्रमाणे कलम चारच्या पहिल्या वाक्यातून 'माझा मित्र' हे दोन शब्द वगळले आहेत. वगळल्याबद्दल माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे समासात आहेत.

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत क्लेमंट ट्रेगेन्झा यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार: आयव्ही रोवेना क्विंट्रेल, ग्रंथपाल
साक्षीदार: लेस्टर होकिंग, निवृत्त टपाल कर्मचारी

क्लेमंट आ. ट्रेगेन्झा
मूंटा, मंगळवार, १४ मार्च २०२३