आधी कुणी ऐकलं

आई, तू गेलीस तेव्हा मी नुकतीच विमानतळावर नोकरीला लागले होते. इथं मैसूरच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देताना तू मला पाहिलंच नाहीस. माझं निम्मं ट्रेनिंग मात्र तुझ्या स्वयंपाकघरात झालं. देवराज मोहल्ल्यातल्या घरात तू चपात्या लाटतेस, मी दाराशी उभी राहून वैमानिकाला द्यायच्या सूचना म्हणते, आणि तू वैमानिक होऊन त्या परत म्हणून दाखवतेस. एकदा मी पाच हजार फूट सांगितलं. तू शांतपणे "सहा हजार" म्हणालीस आणि मी "बरोबर" म्हणून पुढं गेले. तू लाटणं खाली ठेवलंस. "अय्यो, बरोबर काय? ऐकलंच नाहीस तू. तुला हवं होतं तेच ऐकलंस."

तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचीस. लोक घरूनच थेट नंबर फिरवतील असं यंत्र आलं, तेव्हा बरोबरच्या बायका विरोधाचा अर्ज घेऊन आल्या. तू त्यांना कॉफी दिलीस, सही दिली नाहीस. "माणसं तासन्‌तास फोनपाशी बसतात, मी रोज ऐकते. त्यांना थांबवून माझी खुर्ची कशाला टिकवू?" मग पन्नाशीला टेकलेली तू, पोरींच्या शेजारी बसून नवं काम शिकलीस. तेव्हा मला तुझा राग आला होता. आज वाटतं, एवढं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

आता पाळी माझी. वैमानिकाचं उत्तर ऐकून चूक दाखवणारं यंत्र आमच्याकडे चाचणीला बसवलंय. पुढं दोघांच्या जागी एकच माणूस पुरेल, असं सगळे म्हणतात. गेल्या आठवड्यात कडकोळच्या बाजूनं एक शिकाऊ मुलगी एकटीच विमान घेऊन येत होती. मी सांगितलेल्या उंचीपेक्षा हजार फूट कमी तिनं म्हटलं, आणि तिथं दुसरं विमान होतं. पडद्यावर यंत्राची पिवळी खूण उमटली. मी लगेच सुधारलं. तिचा आवाज कापायला लागला, तेव्हा तू फोनवर बोलायचीस तशी, एकेक शब्द सुटा करून बोलत राहिले. दोन्ही विमानं नीट उतरली.

काल यंत्राबद्दलचा अभिप्राय दिला. ठेवावं, असं लिहून सही केली. तेवढं तुझ्याकडून घेतलं. पण त्यात एक प्रश्न होता, चूक आधी कुणाच्या लक्षात आली, तुमच्या की यंत्राच्या? मी लिहिलं, "दोघांच्याही, एकदमच." हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. खूण दिसली तेव्हा मी दुसऱ्या विमानाशी बोलायला लागले होते. माझ्या लक्षात आलंच नव्हतं गं.