भागोजीच्या डोक्यावरचं तेल

॥ श्री ॥
मु. चौल, कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८५५

चिरंजीव भागोजी यास थोरली बहीण मनुबाई हिचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला तू आला नाहीस, तुझं पत्र आलं. पत्रालाच पाटावर बसवून ओवाळणार होते, पण त्यात इतकी दुखणी भरली होतीस की पाट मोडला असता. डावा गुडघा, उजवा खांदा, मान, कंबर, पोटात गोळा, कानात घूं घूं, आणि शेवटी काय, तर आक्का, मी काही होळी बघत नाही. गेल्या साली तू दसरा बघणार नव्हतास. त्याच्या आदल्या साली संक्रांत. सगळे सण बघून झाले, आता हाच एक उरला वाटतं.

तुझी दुखणी तुझ्यापाशी. पण त्यांच्यापायी रंगूचं लग्न मार्गशीर्षात कोंडाजीशी उरकून टाकतो असं लिहिलंस, ते वाचून माझी तव्यावरची भाकरी करपली. तुझ्या या नातीचे आईबाप तापाच्या साथीत गेले तेव्हा ती तीन वर्षांची. तू तिला वाढवलीस, आपल्या माघारी तिचं कसं होईल म्हणून तुला झोप नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणून अठरा वर्षांच्या पोरीने पंचेचाळिशीच्या बिजवराला माळ घालायची? कोंडाजीला मी बघितलाय. माणूस वाईट नाही. त्याला जेवताना बघितलं की आपली भूक मरते, इतकंच.

तर आता माझं ऐक. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपर्यंत तुला मुदत. तेवढ्या दिवसांत तुझ्या त्या मोडक्या अंगातून मला सात सुखं शोधून दे. पोराबाळांची नकोत, देवाधर्माची नकोत. अंगाची. सात सापडली नाहीत तर तू मरतोयस हे मी कबूल करीन, आणि स्वतः येऊन कोंडाजीच्या लग्नात अक्षता वाटीन. सापडली तर तुला एवढ्यात मरण नाही, तेव्हा घाईही नाही, आणि कोंडाजीला नकार कळवायचा.

लोभ आहेच, तुझ्या दुखण्यांपेक्षा जुना आहे.
मनुबाई

॥ श्री ॥
मु. दिघी, कार्तिक शुद्ध पौर्णिमा

तीर्थरूप आक्काच्या पायी धाकटा भाऊ भागोजी याचा दंडवत. वि. वि.

तुझं पत्र आगबोटीच्या टपालाने मंगळवारी पावलं. रंगूनेच बंदरावरून आणलं. वाचून गुडघा जास्त झाला.

तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून दोन दिवस शोधलं. अंगात दुखण्याशिवाय काही नाही. तरी दोन लिहितो. सकाळी आंघोळीचं ऊन पाणी पाठीवर घेतलं, बरं वाटलं. दुपारी पेज प्यालो, तीही बरी वाटली. आता उरलेली पाच कुठून आणू? डाव्या गुडघ्यात वाटीच्या आतल्या अंगाला, सुईने टाके घालावे तशी कळ येते, ती बसताना कमी, उठताना जास्त, आणि ढग आला तर दिवसभर.

कोंडाजीचा निरोप आला होता, तिथी कधी काढायची विचारतो. रंगूला सांगितलं तर ती भांडी घासायला गेली. घासलेलीच होती.

तुझी माया आहे ती कमी होऊ देऊ नको.
भागोजी

॥ श्री ॥
मु. चौल, कार्तिक वद्य तृतीया

चि. भागोजीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही सुखं नापास.

बरं वाटलं म्हणजे काय? कुठे वाटलं? केवढं? किती वेळ टिकलं? गुडघ्याची कळ लिहिताना तुला वाटी सुचते, सुई सुचते, टाके सुचतात. पाठीवर ऊन पाणी पडलं त्याला दोन शब्द. दुखणं आलं की त्याला पाट मांडतोस, तांब्या देतोस, चार दिवस राहा म्हणतोस. सुख आलं तर दारातूनच वाटेला लावतोस. मग ते परत येईल कशाला?

मी दुसरीतून उठले ती शेणाला लागले, मला पोथीतलं काही येत नाही. जे येतं ते म्हशीकडून शिकले. म्हैस तळ्यात बसली म्हणजे नुसती तळ्यात बसते. रेडकाच्या लग्नाचा विचार करीत नाही. तसं कर. पहिला तांब्या पाठीवर ओत आणि थांब. दुसरा भरू नको. पाणी मानेखालून निघून कुठे कुठे गेलं, कुठे ऊन लागलं, कुठे नुसतं ओलं लागलं, काटा आला तो पाणी पडताना आला की ओघळून गेल्यावर, हे बघ. डोळ्यांनी नव्हे, पाठीने. ते पुरतं विरलं की मग दुसरा तांब्या. मध्येच मन गुडघ्याकडे पळेल. पळू दे. शेळी पळाली तर आपण तिच्याशी भांडत बसत नाही, कान धरून दाव्याला आणतो. दहादा पळाली तर दहादा आण.

काल आमची मळणी झाली. दुपारी मी पेंढ्याच्या उडवीला पाठ लावून बसले. पेंढा वरून तापलेला, आतून गार. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे माणसाचा स्वतःचा हात कधी पोचत नाही, तिथे एक काडी लागत होती. मी हलले नाही. मग अंमळ डावीकडे सरकले, अंमळ उजवीकडे. सून शेजारच्या नीराबाईला सांगत होती की सासूबाईंचा डोळा लागला. डोळा कसला लागतोय, मी कामात होते.

लोभ असावा, आणि आंघोळीला घाई नसावी.
मनुबाई

॥ श्री ॥
मु. दिघी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थरूप आक्काच्या पायी भागोजीचा दंडवत. वि. वि.

आक्का, सापडली. सात मागितलीस, नऊ आहेत. दोन तुला भाऊबीजेची ओवाळणी समज.

पेजेचं आधी सांगतो. पेजेचा घोट घशातून उतरतो, छातीच्या हाडाखाली येऊन अंमळ थबकतो, आणि मग पोटात पसरतो. साठ वर्षं पेज पितोय, हे थबकणं मला ठाऊक नव्हतं. आंघोळीत पहिल्या तांब्याला काही होत नाही, तिसऱ्याला माकडहाडापासून काटा निघतो तो थेट कानापर्यंत. सारवलेल्या जमिनीवर टाचा टेकल्या तर गारवा टाचेत शिरतो, पण अंगठ्याला पोचायला वेळ घेतो. जांभईसुद्धा सुख आहे, आणि दिवसातून कितीही देता येते. कानात कोंबडीचं पीस फिरवतो, त्याचं वर्णन करत नाही, या वयाला शोभायचं नाही. सकाळचं ऊन नडग्यांवर घेण्यासाठी मी आता ओटीवर जागा धरली आहे, आणि तिथे कोणी सूप वाळत घातलं तर मला खपत नाही. शेजारचा अनंता रंगूला हळूच विचारून गेला, म्हाताऱ्याला कोणी भांग तर पाजली न्हाय ना. बाकीची दोन पत्रात मावत नाहीत.

गुडघा आहे तिथेच आहे. फक्त दिवसभर त्याच्याकडे बघायला मला सवड होत नाही.

कोंडाजीला नकार कळवला. तो म्हणाला बरं. त्यावरून त्याला काही फारसं वाटलं नसावं.

पण सगळ्यांत थोर सुख नववं. रोज दुपार कलली की रंगू माझ्या डोक्यावर खोबरेल घालते. तिची दहा बोटं टाळूवर फिरतात तेव्हा, आक्का, मला माझं नावही आठवत नाही. म्हणून मी ठरवून टाकलंय. मी आहे तोवर रंगूचं लग्न करायचं नाही. म्हसळ्याकडून एक विचारणा आली होती, परत पाठवली. आता मी काही लवकर जात नाही, तेव्हा तूही काळजी करू नको.

तुझ्यामुळे माणसांत आलो, अशीच माया राहू दे.
भागोजी

॥ श्री ॥
मु. चौल, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चि. भागोजीस आशीर्वाद. किती द्यायचे ते पत्राच्या शेवटी ठरवीन.

तू मरत होतास तेव्हा पोरीला घाईने दुसऱ्याच्या घरात लोटणार होतास. आता जगतोयस तर तिला तेलाच्या वाटीशेजारी बांधून ठेवणार. दोन्हीकडून पोर तुझ्या टाळूखालीच. नातवंडांत खेळायचं सोडून मी तुला सुख शिकवलं ती माझीच चूक. भुकेल्याला एकदम पोटभर वाढू नये म्हणतात ते उगीच नव्हे.

पण तू अजून अर्धंच शिकलायस. डोक्यावर तेल पडतं तेव्हा तू कुणाकडे बघतोस? आपल्या टाळूकडे. तेल वाटीत असतं, सुख हातात असतं. तो हात कसा आहे ते मला लिही. बोटं जड आहेत की हलकी, सावकाश फिरतात की उरकतात, कुठे थांबतात, कधी थांबतात. आठ दिवस डोळे मिटून तेवढंच बघ. दहा बोटं डोक्यावर घेऊन बसतोस आणि त्यांतल्या एकाचीही खबर तुला नसेल, तर तुझ्यापेक्षा माझी म्हैस बरी. ती धार काढणाऱ्याचा हात ओळखते.

हे लिहून कळवशील तेव्हा लोभाचं बघू.
मनुबाई

॥ श्री ॥
मु. दिघी, मार्गशीर्ष वद्य नवमी

तीर्थरूप आक्काच्या पायी भागोजीचा दंडवत. वि. वि.

उशीर झाला, कारण दोनदा खात्री करून घेतली.

रंगूची बोटं खरबरीत आहेत. करंगळीला चीर पडली आहे, ती केसांत अडकते. इतके दिवस मला वाटत होतं की माझे केसच गुंततात. रोज ती कपाळापासून मागे जाते, मग कानांच्या मागे, मग मानेवर. वाट ठरलेली, चाल ठरलेली. पण शुक्रवारी ती कानामागे आली आणि दहाच्या दहा बोटं थांबली. मी डोळे मिटून बघत राहिलो. खाडीतून आगबोटीचा भोंगा वाजत होता. भोंगा सरला तशी बोटं चालू लागली, पण ती निराळीच. हलकी, आणि भलतीकडेच. कपाळावर जिथे केस नाहीत तिथेही तेल.

मंगळवारी पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी वारा होता, आगबोट आलीच नाही. त्या दिवशी हात असा फिरला जसा कोणी वाळल्या पाचोळ्यात हरवलेली सुई शोधतो.

मग मी डोळे न उघडता विचारलं, "कोण हाय तो?" ती म्हणाली, "तेल संपलं, आजोबा." वाटी भरलेली होती. ती माझ्या मांडीला लागूनच होती, मला गारवा लागत होता तिचा.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. येसाजी नाव. आगबोटीवर खलाशी आहे, टपालाची पिशवी किनाऱ्यावरून वल्हवत येणाऱ्या पडावात उतरवून देतो. आपल्यातलाच, आगरदांड्याकडचा. पावसाळ्यात आगबोट बंद असते तेव्हा अनंताच्या शेतावर लावणीला होता, तिथे यांची ओळख. तिने मला काहीच का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणते, आधी तुम्ही मरत होता, मग तुम्हाला सवड नव्हती.

आक्का, मला राग आला नाही. भीती वाटली. पाण्यावरचा माणूस. दारू पीत असेल, हात उचलत असेल, आपल्याला काय कळणार? मी बंदरावर गेलो होतो, पण मला तो लांबून दिसला, आणि लांबून सगळेच बरे दिसतात. आगबोट तुमच्या रेवदंड्यालाही थांबते. तू बघ. तू हो म्हणालीस तर माघात देतो. नाही म्हणालीस तर रंगूला मी सांगेन, तू नको.

तिला एवढं बोलून दाखवलं, तर तिने तेल घातलेल्या डोक्यावर पुन्हा तेल ओतलं. ते भुवईवरून डोळ्यात उतरलं. चांगलं झोंबलं. मी पुसलं नाही, कुठवर जातं ते बघत बसलो.

पत्राची वाट बघतो. माया असू दे.
भागोजी

॥ श्री ॥
मु. चौल, पौष शुद्ध तृतीया

चि. भागोजी यास मनुबाईचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल रेवदंड्याला जाऊन आले. तिकीट काढलं नाही, कारण मला कुठे जायचं नव्हतं. माझी बहीण आगबोटीवर आहे, तिला गाठोडं द्यायचं आहे, असं सांगून पडावात बसले. मला बहीण नाही हे पडाववाल्याला काय ठाऊक.

पडाव आगबोटीला लागला तेव्हा लाटेने वरखाली होत होता. वर शिडीवर एक काळासावळा पोरगा वाकून एकेकाला हात देत होता. टपालाची पिशवी त्याच्याच पायाशी होती, म्हणजे तोच. मी हात दिला. आता बाकीचे खलाशी काय करतात, म्हातारी दिसली की पोतं उचलावं तशी ओढून घेतात, बगलेत कळ राहते ती आठ दिवस. याने ओढलं नाही. हात धरला आणि थांबला. माझा पाय फळीवर टेकला, मी त्यावर भार टाकला, तेव्हा कुठे तो हात वर आला.

एकदा कुणीही चांगला वागतो. म्हणून मी म्हटलं, अगो बाई, गाठोडं खालीच राहिलं. उतरले, पुन्हा चढले. पुन्हा तसाच थांबला. पडाववाल्याने मला शिवी दिली, मी त्याला दोन परत केल्या. मग म्हटलं, डब्याचं झाकण राहिलं. तिसऱ्यांदा उतरले. तोवर वरून आगबोटीचा मास्तर ओरडायला लागला, मागच्या बायका बोंब मारायला लागल्या, वर एक माणूस ओकत होता, आणि आगबोट सुटायची वेळ झाली होती. मी मुद्दाम सावकाश चढले. पाय फळीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

तिसऱ्या वेळीही हात पहिल्यासारखाच होता. तळवा घट्टे पडलेला, कोरडा, ऊन. दारूचा वास नव्हता. माझ्या मनगटावर बोटं होती, पण ती दाबत नव्हती.

मुलगी दे. माघात मुहूर्त काढ. मी चार दिवस आधी येईन, आणि याच आगबोटीने येईन. त्याला काही सांगू नको, मला अजून एकदा उतरायचं आहे.

सगळ्यांना आशीर्वाद. लोभ मागत नाही, मला तो आहे हे ठाऊक आहे.
मनुबाई