जुना सर्व्हर अजून उत्तर देतो

३ मे
लाम्पांगच्या इस्पितळात रुजू झाले. संगणक विभागात आम्ही दोघंच, मी आणि थोंगदादा. त्याने पहिल्याच दुपारी खाओ सोय, नारळाच्या रश्शातल्या शेवया, खाऊ घातलं आणि म्हणाला, "फाई, आधी पोट भर, मग रड." एक्स-रे साठवणारा जुना सर्व्हर बंद पडलाय. जोडीच्या सर्व्हरने कारभार उचलला, पण सगळी लिनक्स यंत्रं मेलेल्याचाच पत्ता धरून बसलीत. एकेकाची जोडणी सोडवून नव्याशी जोडायची. मला मजा येतेय!

५ मे
दादाचं यंत्र सोडून सगळी जोडली. त्याची एक फाइल उघडी आहे म्हणे, म्हणून जुनी जोडणी सुटत नाही. अंगणातली जागेवाल्याची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, देवळीही याच आठवड्यात पार्किंगसाठी हलवली. जागेवाल्याला नव्या देवळीत बोलवायचं काम दादाकडे होतं, ते राहिलंच. विचारलं तर हसून म्हणाला, त्याला पाय आहेत, येईल चालत. मला ते बोलणं आवडलं नाही.

७ मे
जुना सर्व्हर अडगळीच्या खोलीत पडलाय, वायरसुद्धा काढलेली. तरी दादाच्या यंत्राला त्याच्याकडून उत्तरं येतात. दादा सकाळपासून खुर्चीतून उठलेला नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाला, उत्तर आलं की येतो. तासाभराने तेच, त्याच सुरात.

८ मे
दादाच्या पापण्या हलत नाहीत. डॉक्टरांनी गदागदा हलवलं, दोघांनी उचलून पाहिलं. जागचा हलला नाही. मला रडू आवरेना. त्याची फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम मारून पाहिला, मरत नाही. आता एकच उपाय उरलाय, जोडणी यादीतून जबरदस्तीने काढायची. आत कोणी अडकलं असेल तर ते आतच राहतं. ठाऊक आहे मला. पण दादा उठायलाच हवा.

९ मे
काढली. खुर्ची रिकामी— कचेरीतल्या मॅडमना विचारलं. म्हणाल्या, कोण थोंग? तू पहिल्यापासून एकटीच आहेस की गं.

१० मे
अडगळीच्या खोलीतून टंकल्याचा आवाज. तिथे कळफलक नाही— जागेवालाच रागावलाय. दादाने केलं नाही ते मी करीन. देवळीसमोर हार, लाल सरबत. हात जोडून म्हटलं, ये, माझ्याकडे ये, पण दादाला सोड.

दुपारी
पडद्यावर जुन्या सर्व्हरची जोडणी. मी केलेली नाही. आत एकच फाइल, दादाची. लिहिलंय— फाई, जागेवाला केव्हाच नव्या देवळीत गेला. इथे आहे ते दुसरंच. कोणी बोलावलं तरच बाहेर येतं. बोलावू नको—

मी बोलावलंय. माझा हात कळफलकावरून उचलत ना